डब्यावरचे वीस अंश

उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ पट्ट्यात गाडीचं इंजिन सहसा शेवटपर्यंत साथ देतं. आधी संपतो तो पत्रा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग आणि सीमेपलीकडचं ऑन्टॅरिओ इथे नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ पडत असतं, आणि ते लांबून आणावंही लागत नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. ह्युरॉन सरोवराकाठच्या गॉडरिचची खाण तर जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण म्हणून ओळखली जाते. पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की साधं मीठ हात टेकतं, मग त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची भर घालतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी पत्र्यावरचा थर ओलसरच राहतो. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि पुढच्या-मागच्या चाकांमधला तळपट्टा, म्हणजे रॉकर पॅनेल, यांना काही हिवाळ्यांत फोड येतात. फोड टोचला की आत नुसता भुगा. डेट्रॉइटने जगाला गाड्या दिल्या, रस्त्यांना मीठ दिलं आणि १९५९मध्ये झीबार्टचा गंजरोधक लेपाचा धंदाही तिथेच सुरू झाला. रोग, रोगी आणि वैद्य एकाच गावात.

गंजाचा खर्च विमा देत नाही, आणि बॉडी शॉपच्या मजुरीचा आकडा दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या किमतीला सहज भिडतो. गल्लीच्या तोंडाशी डेंटिंग-पेंटिंगवाला असण्याच्या सवयीत वाढलेल्या मराठी माणसाला डेट्रॉइटच्या किंवा टोरोंटोच्या उपनगरात हा आकडा ऐकून घाम फुटतो. दुसरीकडे घराला लागून दोन गाड्यांचं गॅरेज असतं, बाहेर काही करता येत नाही असे पाच महिने असतात, आणि कुठलंही काम शिकवणारे व्हिडिओ असतात. मग 'घरीच करू' हा विचार मूळ धरतो. घोडं अडतं ते थंडीपाशी. गॅरेजमध्ये पाच अंश, बाहेर उणे दहा. आणि रंगाच्या प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं की वीस-एकवीस अंशांना वापरा.

या प्रश्नावर जितकी तोंडं तितके सल्ले आहेत. डबेवाली कंपनी वीस अंशांवरून हटत नाही. शेजारचा सत्तरीतला गृहस्थ सांगतो, आम्ही कडाक्याच्या थंडीत गाड्या रंगवल्या, काही झालं नाही. तिसरा हीटर लावायला सांगतो. चौथा सुटे भाग घराच्या तळघरात नेऊन रंगवतो. गंमत अशी की यातलं कोणीही खोटं बोलत नाही. प्रत्येकाचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या रंगाचा, वेगळ्या हवेचा आणि वेगळ्या नशिबाचा आहे. हे सल्ले एकत्र ठेवून तपासायचे तर आधी रंग सुकतो म्हणजे काय होतं ते पाहावं लागतं.

मोटारींच्या रंगाचा इतिहास हा बराचसा सुकण्याच्या वेळेचा इतिहास आहे. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाड्यांसारखं ब्रशने व्हार्निश लावत, आणि एकावर एक थर सुकायला आठवडे लागत. १९२३मध्ये ड्यूपाँटने जनरल मोटर्सच्या साथीने डुको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. लॅकरची रीत साधी: थिनर उडून जातो, मागे पापुद्रा राहतो. थंडीत थिनर सावकाश उडतो, एवढाच फरक. आज नाही तर परवा, पण तो सुकतोच. पुढे आलेल्या ॲक्रिलिक लॅकरची जातही हीच. शेजारच्या गृहस्थांनी ज्या काळात गाड्या रंगवल्या तो काळ लॅकरचा होता, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही.

आजचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), बरेचसे प्रायमर आणि इपॉक्सी यांचं तसं नाही. यांत दोन भाग असतात, रंग आणि हार्डनर, आणि त्यांच्या रासायनिक संयोगातून थर घट्ट होतो. थिनर उडाला म्हणजे काम संपलं नाही. खरं काम त्यानंतर चालू असतं. ढोबळ हिशेबाने तापमान दहा अंश उतरलं की अशा क्रियेचा वेग निम्मा होतो. वीस अंशांना रात्रभरात होणारं काम दहा अंशांना दोन रात्री घेईल आणि शून्याला चार, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात चार रात्रींनीही होत नाही. थर जसजसा दाटतो तसतसे त्यातले रेणू जागच्या जागी अडकत जातात आणि क्रिया अर्ध्यावर थांबते. इपॉक्सी प्रायमर तर साधारण पंधरा अंशांच्या खाली जवळजवळ झोपीच जातो, आणि नंतर ऊब दिली तरी पूर्वीच्या ताकदीने उठत नाही. घात असा की बोटाला तो कोरडा लागतो. नखाने ओरखडला तर चरा उठतो, पण इतकं कोण तपासतं? त्यावर पुढचा हात मारला की त्यातलं थिनर खालच्या कच्च्या थरात शिरतं, तो फुगतो आणि अख्ख्या पॅनेलवर सुरकुत्या पडतात. सगळं खरवडून पुन्हा पत्र्यापर्यंत यावं लागतं.

तेव्हा 'थंडीत चालतं की नाही' असं विचारण्याआधी हातातला डबा कुठल्या जातीचा आहे हे विचारायला हवं. स्प्रे कॅनमधला साधा एकघटकी रंग आणि गनने मारायचा दोनघटकी क्लिअर यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

दुसरा गोंधळ तापमानाचा. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, आणि रंगाला हवेशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला पत्र्याशी असतं. रात्रभर उणे पंधरात उभी असलेली गाडी सकाळी आत घेतली, हीटर लावला, की तासाभरात हवा वीसवर जाते. बॉनेटचा पातळ पत्रा त्यामागोमाग बऱ्यापैकी तापतो. पण खांब, तळपट्टे, दुहेरी-तिहेरी पत्र्याचे जोड यांच्यात थंडी कितीतरी तास मुरून असते. त्यात गॅरेजची काँक्रीटची जमीन ही थंडीची टाकीच. गरम हवा छतापाशी जमते आणि गाडीचा खालचा भाग सर्वांत गार राहतो. गंज नेमका तिथेच असतो.

म्हणून अनुभवी लोक गाडी आदल्या दिवशी आत घेतात आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने पत्रा मोजतात. ते साधन स्वस्त आहे, पण त्याची एक खोड माहीत हवी. घासून चकचकीत केलेल्या उघड्या पोलादावर ते सपशेल चुकीचा आकडा दाखवतं, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही आणि आजूबाजूची परावर्तित करतो. पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि टेपवर नेम धरून मोजायचं. तळपट्टा, कमान आणि दाराची खालची कड, तिन्ही ठिकाणी अठराच्या वर आकडा आला तर पुढचं बोलायचं.

ओल हा या प्रश्नातला सर्वाधिक गैरसमजांचा भाग. हिवाळा म्हणजे दमट, असं आपण धरून चालतो, आणि अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या हिवाळ्यापुरतं ते उलट आहे. वीस अंशांची हवा घनमीटरमागे सतरा ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. उणे दहाची हवा जेमतेम दोन-अडीच. ती थंड हवा आत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पंधरा टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे मिनेसोटाच्या जानेवारीत रंगासाठी याहून कोरडी हवा मागून मिळणार नाही. ओल आपण आणतो: चाकांच्या कमानींत अडकलेला बर्फ वितळून, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारून, आणि सर्वांत जास्त हीटरमधून. धुराडं नसलेला प्रोपेनचा हीटर जळताना एका किलोमागे सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार करतो. बार्बेक्यूच्या नेहमीच्या टाकीत नऊ किलो प्रोपेन असतो; ती टाकी संपेपर्यंत पंधराएक लिटर पाणी वाफ होऊन गॅरेजमध्ये फिरलेलं असतं.

ते पाणी कुठे जातं हे पाहायचं असेल तर तोफेसारखा दिसणारा तो हीटर गाडीच्या थंड दाराकडे तोंड करून पेटवा. मिनिटभरात दारावर पुसट धुकं धरतं. बोट फिरवलं तर रेघ उमटते. जुना रंग असेल तर ते पुसून निघतं. पण तिथे ताजा घासलेला उघडा पत्रा असेल तर काही तासांत त्यावर केशरी झाक येते, कारण गंजाच्या खड्ड्यांत मिठाचे कण अजून बसलेले असतात आणि त्यांना पाण्याचीच वाट असते. अशा पत्र्यावर मारलेला प्रायमर दिसायला सुरेख दिसतो आणि पुढच्या हिवाळ्यात खपल्यांनी सुटतो. धंद्यातला नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर हवं. दवबिंदू दाखवणारं छोटं यंत्र हीटरच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी शंभरात पाच जणांकडेही ते असेल असं मला वाटत नाही.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथला हिवाळा पाच-सहा अंशांचा, पण ओलाचिंब. हवेचं तापमान आणि दवबिंदू एकमेकांना खेटून चालतात. म्हणून ब्रिटिश हौशी माणसाचा व्हिडिओ पाहून विस्कॉन्सिनमध्ये काम करणारा, किंवा त्याच्या उलट करणारा, दोघेही फसतात. आपल्याकडच्या पेंटरला हे पटकन कळेल. मुंबईत-कोकणात पावसाळ्यात लॅकर मारला की थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि रंगावर दुधाळ छटा येते. मग पेंटर काम थांबवतो किंवा रंगात रिटार्डर घालतो. तिथे थंडी नाही, पण दवबिंदूचं गणित तेच.

हीटरचा सल्ला देणाऱ्यांचं बोलणं एका जागी येऊन कोसळतं, ते म्हणजे हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न. रंगाचा फवारा आणि थिनरची वाफ बाहेर काढायला पंखा हवा. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये साधारण शंभर घनमीटर हवा असते. सेकंदाला एक घनमीटर ओढणारा पंखा खिडकीत लावला तर दोन मिनिटांच्या आत ती सगळी हवा बाहेर गेलेली असते, आणि तिच्या जागी उणे आठची हवा आलेली असते. ती हवा येता येता वीसपर्यंत तापवायची तर सुमारे पस्तीस किलोवॅटची उष्णता सतत ओतावी लागेल. अमेरिकेतल्या घराच्या साध्या सॉकेटवर चालणारा विजेचा हीटर दीड किलोवॅटचा असतो. पस्तीस आणि दीड! व्यावसायिक स्प्रे बूथमध्ये आत येणारी हवा आधी गाळून, भल्यामोठ्या बर्नरवर तापवून घेतात, आणि रंग मारून झाल्यावर गाडी साठ अंशांना अर्धा तास भाजतात. बॉडी शॉपचे पैसे निम्मे त्या यंत्रणेचेच असतात म्हणा ना.

मग घरचे लोक काय करतात? तडजोड करतात. आधी गॅरेज आणि गाडी पंचवीसपर्यंत तापवायची, हीटर पूर्ण बंद करून विझू द्यायचा, पंखा मंद ठेवून झटपट हात मारायचा, वाफ निघेपर्यंत हवा बदलायची आणि मग पुन्हा ऊब द्यायची. पत्रा चांगला तापलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटांची गार हवा तो सोसतो; हवा लगेच थंड होते, पत्रा तितक्या लगेच होत नाही. एखादा फेंडर, एखादं दार असं छोटं काम असेल तर हे जमतं. त्यानंतर इन्फ्रारेड दिवा त्या एका पॅनेलवर लावता येतो, तो हवेला सोडून थेट पत्र्यालाच तापवतो. अख्खी गाडी मात्र या रीतीने होत नाही. शेवटच्या पॅनेलपर्यंत पोचेस्तोवर पहिलं पॅनेल आठ अंशांवर आलेलं असतं.

इथवरचं नुकसान पैशाचं आणि वेळेचं. यापुढचं जिवाचं आहे, आणि हौशी लोक नेमका हाच भाग वगळून पुढे सरकतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि कोपऱ्यातल्या गॅसवरच्या वॉटर हीटरच्या ज्योतीला शोधून काढते. अमेरिकेत गॅरेजमधली अशी साधनं जमिनीपासून अठरा इंच उंच बसवण्याचा नियम आहे तो याच भीतीपोटी. पण तो नियम पेट्रोलच्या अधूनमधून सांडण्यासाठी केलेला आहे, तासभर चाललेल्या स्प्रे गनसाठी नव्हे. त्यात हिवाळ्याची आणखी एक खोडी आहे. घरातली गरम हवा वर चढून छताच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला घर खालून हवा ओढतं. गॅरेज घराला चिकटून असेल तर तिथलीही हवा ओढली जाते. हा ओढा बाहेर जितकी थंडी तितका जास्त. रंग गॅरेजमध्ये मारला तरी वास मुलांच्या खोलीत येतो तो त्यामुळे, आणि हीटरचा कार्बन मोनॉक्साइडही त्याच वाटेने येतो. त्याला तर वासही नसतो. तळघरात रंगवणाऱ्या चौथ्या सल्लागाराबद्दल एवढंच म्हणेन की भट्टी आणि वॉटर हीटर ज्या खोलीत असतात तिथे स्प्रे गन चालवणं हा शुद्ध आत्मघात आहे.

दोनघटकी रंग आणि क्लिअर यांच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट असतो. भोपाळमध्ये १९८४च्या डिसेंबरमध्ये गळलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधला प्रकार वेगळा आहे, तो तसा सहज उडत नाही, पण फवाऱ्याच्या बारीक थेंबांतून फुप्फुसात जातो. त्याने शरीर एकदा चवताळलं की पुढे अगदी कणभर संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता सहसा आयुष्यभर राहते. कोळशाच्या गाळणीचा मुखवटा कधी निकामी झाला हे वासावरून ओळखावं तर घातक पातळीला वास येतोच असं नाही. म्हणून बॉडी शॉपमध्ये बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. हिवाळ्यात पंखा बंद ठेवण्याचा मोह आणि हा फवारा यांची गाठ पडते तेव्हा अंगाशी येतं. बुडाशी कळ दाबून हार्डनर मिसळायचे क्लिअरचे जे स्प्रे कॅन मिळतात त्यांतही सहसा हाच पदार्थ असतो. कॅन लहान म्हणून धोका लहान, असं नाही.

लांबीचं, म्हणजे बॉडी फिलरचं, थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण थंडीतलं सर्वांत जास्त काम इथेच फसतं आणि सर्वांत सोपी सुधारणाही इथेच आहे. पूर्वी पोचे भरायला शिसं आणि कथिलाचा मिश्रधातू वितळवून लावत. १९५०च्या दशकात पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची भुकटी यांची लांबी आली. त्यातला बाँडो हा छाप अमेरिकेत इतका रुळला की लोक कुठल्याही फिलरला बाँडोच म्हणतात. २००७मध्ये थ्रीएम कंपनीने तो विकत घेतला. यात हार्डनर वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास घालायचा असतो, आणि वीस-एकवीस अंशांना मिसळल्यापासून हातात चार-पाच मिनिटं मिळतात. थंडीत लांबी लवकर आवळत नाही, म्हणून माणूस हार्डनर वाढवतो. आवळते मग, पण तिचा रंग पाहा: फिकट गुलाबी हवा तिथे भडक लाल. क्रियेत न खपलेलं जास्तीचं पेरॉक्साइड तिच्यात शिल्लक राहतं, आणि पांढऱ्या किंवा फिक्या रंगातून काही आठवड्यांनी पिवळट डाग होऊन वर येतं. कमी घातला तर लांबी चिकट राहते आणि पॉलिश पेपर दोन हातांत तुंबतो.

उपाय हार्डनरच्या नळीत नाहीच. डबा आणि नळी रात्रभर घरात ठेवा. गॅरेजमध्ये गारठलेली लांबी घट्ट असते, ती पत्र्याच्या ओरखड्यांत शिरत नाही आणि ढवळताना हवा पकडते. घासल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात ती हीच. पत्रा केस वाळवायच्या ड्रायरने किंवा हीट गनने तळव्याला ऊबदार लागेल इतपत तापवा, आजूबाजूचा हातभर भागही तापवा, मग पातळ थर द्या. लावल्यानंतर हीट गन जवळ धरून भाजू नका. वरची साय आवळते, खालचं कच्चं राहतं आणि पुढे पापुद्रा सुटतो. आणखी एक गोष्ट हिवाळा-उन्हाळा दोन्हीकडे खरी आहे: लांबी भोक बुजवण्यासाठी नसते. आजच्या गाडीचा तळपट्टा हा तिच्या सांगाड्याचा भाग आहे. तिथल्या भोकावर जाळी आणि लांबी थापून रंग मारणं ही दुरुस्ती नव्हे, पुढच्या मालकाची फसवणूक आहे. तिथे कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो.

आणि वेल्डिंगला थंडीचं वावडं नाही. हिवाळ्यातल्या घरगुती कामाची खरी जागा इथे सुरू होते, असं माझं मत. गाडी खोलणं, गंज किती खोल गेलाय ते टोचून पाहणं, कुजका पत्रा कापणं, ठोकून घडवणं, वेल्ड करणं, घासणं ही कामं पाच-सात अंशांनाही होतात, आणि महिनेही तीच खातात. रंग मारायला एक दुपार लागते. खोलताना एक पथ्य: प्लॅस्टिकच्या चिमट्या आणि बंपरच्या कडा थंडीत काचेसारख्या तडकतात, त्यांना आधी गरम पाण्याने किंवा ड्रायरने सैल करा. रंग न बिघडवता आतून दाबून पोचा काढण्याची जी कला आहे, तीही गार पत्र्यावर करू नये, वरचा रंग तडकतो. घासकामाच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, सगळा भाग भरपूर गरम पाण्याने धुऊन मीठ काढा आणि पूर्ण वाळवा. मिठासकट घासलं तर पेपर ते मीठ ओरखड्यांत ठासून बसवतो. कॉम्प्रेसरची टाकी रोज रिकामी करा. तिच्यातलं पाणी गोठलं की ड्रेनची चकती फिरत नाही.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय गाडी अर्धवट अवस्थेत ठेवण्याचा. बहुतेकांचं काम मध्येच थांबतं आणि गाडी पुन्हा बर्फात जाते. लांबी आणि वरचा घासायचा प्रायमर, ज्याला पेंटर सरफेसर म्हणतात, दोन्ही सच्छिद्र असतात. ते पाणी पितात आणि खालचा पत्रा वरून न दिसता गंजतो. इपॉक्सी पाणी अडवतो. म्हणून जमेल त्या दिवशी, एक भाग नीट तापवून, त्यावर इपॉक्सीचे दोन हात द्यायचे, चोवीस तास ऊब धरून ठेवायची आणि मगच गाडी बाहेर काढायची. काळी-राखाडी ठिगळं लावून फिरावं लागेल. फिरा.

स्प्रे कॅनवाल्यांसाठी थोडक्यात: कॅन कोमट पाण्यात ठेवून वीस-पंचवीसपर्यंत आणा, कारण गार कॅनमधला दाब उतरतो आणि फवाऱ्याऐवजी थुंकी येते. पन्नास अंशांच्या जवळ कधीही नेऊ नका, शेगडीचा तर विचारही नको. गन वापरणाऱ्यांनी थंडीचा, म्हणजे लवकर उडणारा, थिनर घ्यावा आणि दोन हातांमधला थांबा वाढवावा. जाड हात दिला तर ओघळ येतात, आणि वरची साय आधी धरली तर आतलं थिनर फोड होऊन फुटतं. पाण्यावर आधारलेला रंग कुरिअरच्या गाडीत एकदा गोठला की कामातून गेला.

कायद्याची आडकाठी फारशी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८मध्ये गाड्यांच्या रंगकामावर जे नियम घातले त्यांतून हौशी माणसाला वगळलं आहे. वर्षाला दोन गाड्यांपर्यंत, मोबदला न घेता. कॅनडाने २००९मध्ये रंगांतल्या उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांवर मर्यादा आणली, तिचा परिणाम दुकानात काय मिळतं यावर झाला, तुम्ही कुठे मारता यावर नाही. गावाचे आणि वसाहतीचे नियम वेगळे असू शकतात, आणि शेजाऱ्याचं नाक त्याहून कडक.

तर माझा निकाल असा. हिवाळ्यात घरी पत्र्याचं काम करा, मनसोक्त करा. लांबी करा, पण सामान आणि पत्रा दोन्ही तापवून. इपॉक्सी एकेका भागावर करा. बाकीचे दोनघटकी रंग आणि क्लिअर मात्र घरच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यात करू नका. गॅरेज पंचवीस अंशांपर्यंत तापवता येतं हे खरं, पण तापवलेली हवा श्वासाला चालेल इतकी बदलता येत नाही. घाई असेल तर सुटा केलेला दरवाजा किंवा फेंडर बूथ असलेल्या पेंटरकडे न्या. घासून, मास्किंग करून तयार भाग आणून दिला तर खर्चाचा मोठा भाग तुमच्या हातातच राहतो. घाई नसेल तर थांबा. डेट्रॉइटमध्ये रात्रीचा पारा दहा अंशांच्या वर स्थिरावतो तो मेच्या उत्तरार्धात.